जमाखर्च : धंद्यातला कर्ता माणूस

गेल्या अंकात मृत्युपत्राविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, फोनही आले. त्यातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे : "आमच्या यजमानांची आठ माणसांची छोटी कंपनी आहे. त्यांच्या नावाची दहा लाख डॉलरची टर्म पॉलिसी आहेच. आता एक एजंट ‘की पर्सन’ पॉलिसी घ्या म्हणून मागे लागला आहे. ही दुसरी पॉलिसी कशाला? का त्याचं कमिशन सुटावं म्हणून?"

कमिशन तर सुटणारच, त्याशिवाय तो दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी टेबल मांडून बसेल कशाला? पण म्हणून पॉलिसी निरुपयोगी ठरत नाही. आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटलेली कुटुंबं पुष्कळ झाली आहेत. कुणाची सॉफ्टवेअर कन्सल्टिंगची कंपनी आहे, कुणाचा दाताचा दवाखाना, कुणाचं मशीन शॉप, तर कुणी दोन रेस्टॉरंटं चालवतो. त्या सर्वांना उपयोगी पडेल म्हणून आज हाच विषय घेतो. मी इंजिनिअर आहे, वकील किंवा सी.पी.ए. नाही. तेव्हा इथे वाचलेलं घेऊन आपल्या सी.पी.ए.कडे जावं, थेट सही करायला जाऊ नये.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. आपली नेहमीची पॉलिसी असते ती घरासाठी. यजमान गेले तर पैसे पत्नीला किंवा मुलांना मिळतात. की पर्सन पॉलिसीत आयुष्य विम्याला लावलेलं असतं माणसाचं, पण पॉलिसीची मालक कंपनी, हप्ते भरणार कंपनी आणि माणूस गेल्यावर पैसे मिळणार तेही कंपनीलाच. घरच्यांना त्यातला एक पैसाही मिळत नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो आहे, कारण "ह्यांच्या नावावर कंपनीतही मोठा इन्शुरन्स आहे" अशा समजुतीवर निर्धास्त असलेल्या दोन-तीन वहिनी माझ्या माहितीत आहेत. नाव ह्यांचं असलं तरी पैसा कंपनीचा. म्हणून घरची पॉलिसी कमी करून ही घ्यायची, असा विचार कुणी करू नये. दोन्हींची कामं निराळी आहेत.

आता कंपनीला हा पैसा कशाला लागतो? आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. एखाद्या प्लँटमध्ये महत्त्वाच्या जागी नेहमी दोन पंप बसवतात, एक चालू आणि एक स्टँडबाय. चालू पंप बंद पडला की दुसरा सुरू करायचा, काम थांबत नाही. लहान धंद्यात माणसांच्या बाबतीत ही चैन परवडत नाही. एकच माणूस गिऱ्हाइकं आणतो, तोच बँकेशी बोलतो, कुठल्या मशीनचा कुठला आवाज म्हणजे काय हेही त्यालाच कळतं. त्याला स्टँडबाय नाही. विम्याचा पैसा म्हणजे काही दुसरा पंप नव्हे. नवा पंप मिळेपर्यंत तळघरात पाणी भरू नये, एवढ्यापुरती ती सोय आहे.

हा माणूस मालकच असतो असंही नाही. ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. डिसेंबरमध्ये आपण तीन आठवडे भारतात जातो. तिथे रात्री-अपरात्री कुणाला फोन येतात ते पाहावं. मालक पुण्यात मावशीकडे निवांत श्रीखंड-पुरी खातो आहे आणि कंपनी नीट चालली आहे, पण त्याच महिन्यात हिशेब आणि खरेदी सांभाळणारी बाई चार दिवस आजारी पडली तर सगळी घडी विस्कटते, असं असेल तर तुमचा ‘की पर्सन’ ती बाई आहे. दाताच्या दवाखान्यात मात्र प्रश्नच नाही, डॉक्टर स्वतःच पंप.

माझ्या ओळखीतली एक गोष्ट सांगतो, नाव-गाव गाळून. दोन भागीदारांची स्ट्रक्चरल डिझाईनची कन्सल्टन्सी होती, पदरी सहा माणसं. एक भागीदार कामं मिळवायचा, दुसरा प्रोफेशनल इंजिनिअर होता, म्हणजे ड्रॉइंगवर शिक्का आणि सही त्याची. तो एका फेब्रुवारीत बर्फ काढता काढता गेला. वय ५१. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे आपण सगळे जाणतो, तरी धक्का बसायचा तो बसलाच. आता अमेरिकेत बहुतेक राज्यांत नियम असा, की इंजिनिअरिंगची सेवा देणाऱ्या कंपनीत जबाबदार लायसन्सधारक इंजिनिअर असावा लागतो. म्हणजे कंपनीचा नुसता एक माणूस गेला नाही, त्या दिवसापासून एकही ड्रॉइंग बाहेर पाठवता येईना. ड्रॉइंग नाही म्हणजे बिल नाही, आणि पगार तर दर पंधरवड्याला द्यायचे. त्यात बँकेची क्रेडिट लाईन होती आणि तिच्या कागदावर दोन्ही भागीदारांबरोबर दोघांच्या बायकांच्याही सह्या होत्या.

ह्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी दोघांवर पाच-पाच लाखांची की पर्सन पॉलिसी घेतली होती, तीही बँकेने कर्ज देताना अट घातली म्हणून. क्लेमचे पैसे यायला दोनेक महिने लागले. मधले दिवस उरलेल्या भागीदाराने घरावर पैसे उचलून काढले. पैसे आल्यावर क्रेडिट लाईन फिटली, त्यामुळे वहिनींच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली. एक निवृत्त इंजिनिअर कंत्राटावर आणला, आठ महिन्यांनी कायमचा माणूस मिळाला. सहापैकी पाच जण टिकले. कंपनी आजही चालू आहे. पॉलिसी नसती तर एप्रिलमध्ये कुलूप लागलं असतं, हे त्या भागीदाराचेच शब्द.

पण ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. गेलेल्या भागीदाराचा कंपनीतला अर्धा वाटा कायद्याने त्याच्या पत्नीकडे आला. तिला डिझाईनमधलं काही कळत नाही आणि कंपनी तिला पगार देत नाही. वाटा विकावा तर घेणार कोण, आणि किती किंमतीला? दोघा मित्रांनी ह्याबद्दल कागदावर एक ओळही लिहिली नव्हती. "आमच्यात कसला करार?" अशी त्यांची मैत्री होती. दीड वर्ष दोन वकील आणि दोन घरांतला अबोला, एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. की पर्सन पॉलिसी धंदा वाचवते, वाटा विकत घेण्याचा प्रश्न ती सोडवत नाही. त्यासाठी ‘बाय-सेल’ करार वेगळा करावा लागतो. त्याच्याकडे पुढे येतो.

किती रकमेची पॉलिसी घ्यावी? एजंट बहुधा पगाराच्या पाच ते दहा पट असा ठोकताळा सांगतो. तो अगदीच टाकाऊ नाही, पण मला त्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन बसणं बरं वाटतं. समजा तुमच्या कंपनीचा नफा वर्षाला २ लाख डॉलर आहे आणि त्यातला निम्मा त्या एका माणसामुळे येतो. त्याच्या जागी माणूस शोधून, शिकवून तयार व्हायला दोन वर्षं धरा. तिथे २ लाख झाले. नव्या माणसाला आणण्याचा, जास्त पगाराचा खर्च ७५ हजार. बँकेचं कर्ज १ लाख २५ हजार. बेरीज ४ लाख. मग ४ ते ५ लाखांची पॉलिसी पुरे. दहा लाखांची कशाला हवी हे एजंटने पटवून द्यावं. विमा कंपनीसुद्धा हाच हिशेब मागते. धंद्याचं जेवढं नुकसान दाखवता येईल त्याच्या फार वर ती जात नाही.

प्रकार कोणता, ह्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : टर्म. दहा वर्षांची साधी टर्म पॉलिसी घ्यावी. दहा वर्षांत कंपनी एकतर मोठी होईल, विकली जाईल किंवा बंद होईल, आणि कर्जही तोवर फिटलेलं असेल. होल लाईफमध्ये पैसा साठतो हे खरं, पण लहान धंद्याचा रोख पैसा धंद्यातच लागतो. होल लाईफचा आग्रह जास्त का होतो ते कमिशनच्या तक्त्यात सापडेल.

आता इन्कम टॅक्स, आणि इथे आपली मंडळी हमखास गोंधळतात, कारण भारतातली रीत बरोब्बर उलटी आहे. भारतात कीमॅन पॉलिसीचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून धरता येतो; १९९८ साली तिथल्या प्रत्यक्ष कर मंडळाने तसं परिपत्रकच काढलं. मात्र मिळणारी रक्कम करपात्र. अमेरिकेत कंपनीलाच फायदा मिळणार असेल तर हप्त्याची वजावट मिळत नाही, पण माणूस गेल्यावर येणारी रक्कम साधारणपणे करमुक्त. कोल्हापुरात फाउंड्री चालवणाऱ्या भावाचा सल्ला फोनवर ऐकून इथे हप्ता खर्चात टाकू नका.

"साधारणपणे" ह्या शब्दात मात्र मोठी मेख आहे. २००६ साली इथे पेन्शन प्रोटेक्शन ॲक्ट झाला. त्यात एक कलम घातलं गेलं, की १७ ऑगस्ट २००६ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीची रक्कम करमुक्त हवी असेल तर पॉलिसी निघण्यापूर्वी त्या माणसाला लेखी कळवलं पाहिजे की कंपनी तुमच्यावर विमा उतरवते आहे, जास्तीत जास्त इतक्या रकमेचा, आणि पैसे कंपनीला मिळणार. शिवाय त्याची लेखी संमती हवी, अगदी नोकरी सोडल्यावरही विमा चालू राहू शकतो ह्यालासुद्धा. आणि दर वर्षी टॅक्स रिटर्नबरोबर फॉर्म ८९२५ भरायचा. जिच्यावर विमा उतरवला ती व्यक्ती मालक किंवा मोठ्या पगाराची हवी, निदान मृत्यूपूर्वीच्या बारा महिन्यांत नोकरीत असलेली हवी, अशाही अटी आहेत, पण लहान कंपनीत त्या बहुधा आपोआप पुऱ्या होतात. अडतं ते संमतीच्या कागदावर.

हा कागद नसेल तर? भरलेल्या हप्त्यांपुरती रक्कम करमुक्त, बाकी सगळी कंपनीचं उत्पन्न. दहा लाखांची पॉलिसी आणि आजवर भरलेले हप्ते ९ हजार, तर ९ लाख ९१ हजारांवर कर. साध्या सी-कॉर्पोरेशनला २१ टक्क्यांनी तो २ लाख ८ हजारांच्या वर जातो. एक पानाचा फॉर्म, फुकटचा. "पण कंपनी माझीच, मीच मला संमती काय देऊ?" असं पुष्कळ लोक विचारतात. द्यायची! कॉर्पोरेशन असेल तर मालक-नोकरालाही तो नियम लागू आहे. सोल प्रोप्रायटर स्वतःवर पॉलिसी घेतो तेव्हा मात्र हा प्रश्न येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो आणि त्याचा धंदा एकच.

हा नियम सरकारने उगाच काढला नाही. १९९० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी आपल्या हजारो साध्या कामगारांवर त्यांना न सांगता विमे उतरवण्याचा सपाटा लावला होता. विन-डिक्सी ह्या किराणा दुकानांच्या साखळीने १९९३ मध्ये सुमारे ३६ हजार कामगारांवर पॉलिसी घेतल्या. वॉलमार्टनेही लाखांच्या संख्येत घेतल्या होत्या. हेतू होता पॉलिसीवर कर्ज काढून व्याजाची वजावट मिळवण्याचा. दुकानात पिशव्या भरणारा मुलगा गेला की कंपनीला पैसे, आणि त्याच्या आई-वडिलांना त्याचा पत्ताही नाही. विन-डिक्सी १९९९ साली टॅक्स कोर्टात हरली. ह्या पॉलिसींना लोक ‘डेड पेझंट्स’ म्हणजे मेलेल्या शेतकऱ्यांचे विमे म्हणू लागले. दुसऱ्याच्या मरणावर पैसे लावू नयेत हे तत्त्व तसं जुनंच आहे. इंग्लंडमध्ये लोक अनोळखी बड्या माणसांच्या आयुष्यावर सट्टा खेळत, तो थांबवायला १७७४ साली कायदा झाला : ज्याच्या जाण्याने तुमचं खरं नुकसान होतं त्याच्यावरच विमा घ्या.

आता बाय-सेलकडे येतो, आणि इथे २०२४ सालचा एक निकाल भागीदारीत धंदा करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. सेंट लुईसला क्राऊन सी सप्लाय नावाची बांधकामाच्या सामानाची कंपनी होती. मालक दोघे भाऊ, मायकल कॉनेली ७७.१८ टक्के आणि थॉमस २२.८२ टक्के. त्यांच्यात करार होता : एक भाऊ गेला तर दुसऱ्याने त्याचे शेअर घ्यावेत, त्याने नाही घेतले तर कंपनीने घ्यावेत. त्यासाठी कंपनीने दोघांवर ३५-३५ लाख डॉलरचा विमा उतरवला. दर वर्षी दोघांनी बसून कंपनीची किंमत ठरवून कागदावर सही करायची असंही करारात होतं. ते त्यांनी एकदाही केलं नाही. (तुम्ही-आम्हीही केलं नसतं.)

२०१३ मध्ये मायकल वारले. थॉमसनी शेअर घेतले नाहीत, कंपनीनेच विम्यातले ३० लाख देऊन ते विकत घेतले. थॉमस आणि मायकलचा मुलगा ह्यांच्यात ही रक्कम गुण्यागोविंदाने ठरली, घरात भांडण नाही. भांडण काढलं आय.आर.एस.ने. त्यांचं म्हणणं असं : कंपनीची स्वतःची किंमत ३८.६ लाख, आणि तिच्याकडे विम्याचे ३० लाख आले, म्हणजे एकूण ६८.६ लाख. त्याचा ७७.१८ टक्के म्हणजे सुमारे ५३ लाख ही मायकलच्या वाट्याची किंमत. कुटुंबाने ३० लाख धरून एस्टेट टॅक्स भरला होता, तेव्हा आणखी ८,८९,९१४ डॉलर काढा! कुटुंब म्हणालं, अहो, तो पैसा शेअर विकत घेण्यातच जाणार होता, ते कंपनीवरचं देणं होतं, वजा करा. ६ जून २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने आय.आर.एस.च्या बाजूने निकाल दिला. शेअर परत घेण्याचं बंधन हे किंमत कमी करणारं देणं नव्हे, असं न्यायमूर्ती थॉमस ह्यांनी लिहिलं. भावांनी एकमेकांवर पॉलिसी घेतली असती, म्हणजे ‘क्रॉस-पर्चेस’, तर पैसा कंपनीत आलाच नसता आणि हा प्रश्न उद्भवला नसता, असंही निकालात म्हटलं आहे. अर्थात क्रॉस-पर्चेसमध्ये समोरचा आपला हप्ता भरतो आहे की नाही ह्याची काळजी आपण करायची.

"आमची कुठे एवढी इस्टेट" असं म्हणाल, तर बरोबर आहे. २०२६ साली फेडरल एस्टेट टॅक्सची सूट माणशी दीड कोटी डॉलर आहे. पण ऑरेगनमध्ये राज्याची मर्यादा १० लाख आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाख. घर, ४०१-के आणि धंद्यातला वाटा धरला की आपल्यातले पुष्कळ जण तिथे पोचतात. शिवाय पत्नी अमेरिकन नागरिक नसेल, नुसती ग्रीन कार्डवर असेल, तर पतीकडून तिला जाणाऱ्या मिळकतीवर नागरिक पत्नीला मिळणारी अमर्याद सूट तिला थेट मिळत नाही. त्यासाठी खास ट्रस्ट करावा लागतो.

आपल्यासाठी आणखी एक खाचखळगा आहे, जो इथल्या वकिलालाही विचारल्याशिवाय सुचत नाही. लहान कंपन्या बहुतेक एस-कॉर्पोरेशन असतात. एस-कॉर्पोरेशनचा शेअरहोल्डर अमेरिकेबाहेर राहणारा परदेशी नागरिक असू शकत नाही. आता एखाद्या अविवाहित भागीदाराने मोठ्या मायेने मृत्युपत्रात सगळं साताऱ्याच्या आईच्या नावे केलं असेल, तर इस्टेटीचा कारभार आटोपून शेअर त्या माउलीच्या नावावर गेले की कंपनीचा एस दर्जा गेला. कर सगळ्या भागीदारांना बसतो. ह्यावर उपाय बाय-सेल करारच : शेअर कंपनीने किंवा भागीदाराने घ्यायचे आणि आईला रोख पैसे पोचवायचे. विम्याचा पैसा असेल तर ते जमतं. नसेल तर आईला हप्त्या-हप्त्याने पैसे पाठवत बसावं लागतं.

पॉलिसीने काय होत नाही तेही सांगायला हवं. माणूस नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, भागीदारांचं भांडण झालं, कुणाचा व्हिसा संपला, तर विमा कंपनी काही देत नाही. अर्धांगवायू झाला तरी नाही. त्यासाठी की पर्सन डिसॅबिलिटी अशी वेगळी पॉलिसी असते, ती महाग असते आणि थोड्याच कंपन्या देतात. चाळिशीतल्या माणसाला मरणापेक्षा दीर्घ आजाराचा धोका जास्त, तेव्हा निदान भाव तरी काढून पाहावा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी शेवटी विचारलं आहे, की आधी काय करू? यजमानांना तीन गोष्टी विचारा. बँकेच्या कुठल्या कागदांवर तुमची सही आहे. कंपनीच्या खात्यावर दुसऱ्या कुणाची सही चालते का. आणि आधीपासून कंपनीने काढलेली एखादी पॉलिसी असेल तर तिच्या फाईलमध्ये तो संमतीचा कागद, पॉलिसीच्या तारखेच्या आधीच्या तारखेचा, आहे का. नसला तर पॉलिसी चालू ठेवून आजची तारीख घालून भागत नाही. सी.पी.ए.शी बोलून नवी पॉलिसी घ्यावी लागण्याची शक्यता आहे, आणि नवी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नये.

पुढच्या अंकात डिसॅबिलिटी इन्शुरन्सबद्दल लिहीन. त्यासंबंधी प्रश्न असतील तर संपादकांकडे पाठवावेत.